पायाळूचा पाय

मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर काढले, एवढंच माझं कर्तृत्व, आणि त्याच्यावर मी पन्नास वर्षं मिरवले. आमच्याकडे पायाळू माणसाचं नाव दोन बाबतींत निघतं. एक, त्याच्यावर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला दंडाला धरून घरात ओढायची. दुसरं, कुणाच्या पाठीत उसण भरली, कुठं चमक आली, की पायाळूनं तिथं पाय लावायचा. टाच टेकवायची, तीनदा दाबायची आणि निघून जायचं. मागं वळून बघायचं नाही, असा नियम.

वाईत मला हे कुणी विचारत नाही. तिथं मी नुसती बाई. तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, घाटावर संध्याकाळी फिरायला जाते, संपलं. पण कुंडलच्या पुढं आक्काच्या गावात एस्टीतनं उतरले की माझा भाव वाढायचा. मी आक्काच्या सोप्यात टेकते न टेकते तोवर कंबर धरून दोघी-तिघी हजर. मी हसून म्हणायचे, अगं मी विज्ञानाची बाई, माझ्याकडनं हे काय करून घेता. म्हणायचे खरी, पण चप्पल तोवर पायातनं निघालेली असायची. हे आता लिहिताना मला माझाच राग येतो. खोटं कशाला बोलू, तेव्हा गोड वाटायचं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई रानात जायची, घरात मला आक्का सांभाळायची. शाळेत जाताना माझ्या दोन वेण्या तीच घालायची, अशा आवळून की माझे डोळे ताणायचे. मी 'ओढतंय, ओढतंय' म्हणून गल्ली डोक्यावर घ्यायचे आणि ती टाळूवर फणी हाणून म्हणायची, गप बस, बाई व्हायचंय न्हवं तुला. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. पुढं तिला फौजी नवरा मिळाला. दाजी सुट्टीपुरते घरी, मग म्हशी, ऊस, सासू-सासरे सगळं तिच्या अंगावर. दाजी पेन्शनीवर आले तेव्हा तिचं निम्मं आयुष्य वैरणीचे भारे उचलण्यात गेलं होतं.

पाच वर्षांपूर्वी यात्रेला गेले होते. आक्का चुलीपुढं बसून उजवा खांदा चोळत होती. भारा उचलताना चमक भरली म्हणाली. दाजी लगेच म्हणाले, घरचा डॉक्टर आलाय की. आक्का भिंतीकडं तोंड करून बसली, मी चौकट धरून एका पायावर उभी राहिले आणि टाच तिच्या खांद्यावर टेकवली. तीनदा दाबली. पाय खाली घेतला आणि मागं न बघता स्वयंपाकघरात गेले. मागनं तिचा आवाज आला, "बरं वाटलं गं."

त्यानंतर चार वर्षं मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा तेव्हा पाय लावला. दर वेळी तिनं 'बरं वाटलं' म्हटलं. मीही दर वेळी मान डोलावली.

अधल्यामधल्या काळात बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. गावातल्या डॉक्टरानं सुई दिली. सुई दिली की चार दिवस बरं, मग पुन्हा सुई. मेडिकलवाल्याकडनं 'ती लाल-पिवळी गोळी' रंगावरनं मागून आणायची आणि दाणे खावेत तशी खायची. कुणी तरी बिब्बा घातला, त्याचे डाग अजून तिच्या खांद्यावर आहेत. एका चोळणाऱ्या बुवाकडं नेलं, त्यानं 'हाड बसवतो' म्हणून हात असा पिरगाळला की ती तीन दिवस जेवली नाही. मग कुणीतरी 'संधिवात' हा शब्द आणला, तो काही चुकीचा नव्हता, पण आमच्या लोकांना त्यातला नुसता वात ऐकू आला. झालं, ताक बंद, बटाटा बंद, पावटा बंद, हरभऱ्याची डाळ बंद. पंचविशीपासून रोज तांब्याभर ताक पिणारी बाई, तिचं ताक तोडलं. खांद्यातल्या हाडाला तिच्या ताकाशी काय घेणं होतं? मी हे सगळं फोनवर ऐकायचे आणि एखाद्या शहाण्यासारखी म्हणायचे, काय हे अडाणी उपाय. माझा उपाय तेवढा मला त्या यादीत दिसायचा नाही.

डोळे उघडले ते माझ्या घरी. मुलीच्या नव्या घराची वास्तुशांत होती, आक्का आठ दिवस आधी वाईला आली. सकाळी मोरीत तोंड धुताना मी तिला बघितलं. हात तोंडापर्यंत जात नव्हता म्हणून ती कमरेत वाकून तोंड हाताकडं नेत होती. ताटावरही तेच. डाव्या हातानं उजवं कोपर उचलून धरायचं आणि मान खाली घालून घास घ्यायचा. चारचौघांत कळू नये म्हणून ती सगळ्यांत शेवटी जेवायला बसत होती. मी विचारलं, आक्का, हे कधीपासनं? ती म्हणाली, "हाय जरा."

माझं टाळकंच सरकलं. जरा? तीस वर्षं मी फळ्यावर खडूनं काढत आले: बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा. खांदा उखळीचा, तो सगळ्या बाजूंनी फिरतो. पोरांना उभं करून हात गरागरा फिरवायला लावायचे. आणि माझ्या बहिणीची उखळ कधी फुटली ते मला कळलं नाही, आणि मी वरनं टाच दाबत होते.

वास्तुशांत झाली आणि दुसऱ्या दिवशी तिला साताऱ्याला एका डॉक्टरांकडं नेलं. दाजीही आले. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय आजी, कसं काय?"

"बरं हाय," आक्का म्हणाली. "तुमचं?"

डॉक्टर हसले. आम्हीही हसलो. मी तिथंच बसले होते, हे मला विसरता येत नाही. आमच्या भागात 'कसं काय' विचारलं की 'बरं हाय' म्हणायचं असतं. ते तब्येतीचं उत्तर नसतं, तो रामराम असतो. मरायला टेकलेलं माणूस असलं तरी दारात आलेल्याला आधी 'बरं हाय' म्हणून पाणी विचारतं. पुढचं सगळं दाजींनी सांगितलं, जणू खांदा त्यांचाच. 'मायनर हाय, वयानं आखडलाय, चालायचंच.' डॉक्टरांनी तिचा हात उचलून बघितला नाही. बसल्या जागेवरनं खांदा जाम झालाय म्हणाले, शेकायला सांगितलं, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. मी वाईला परत आले. पुढच्या तीन खेपा दाजीच तिला घेऊन गेले. मी फोन करायचे, कसं आहे? "बरं हाय." आणि मी सुटल्यासारखी फोन ठेवायचे.

चौथ्या महिन्यात मी गावी गेले. सोप्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दाजी पडले फौजी, सगळं शिस्तीत. आक्काची बोटं रोज जिथंवर चढली तिथं रेघ, रेघेपुढं तारीख. ते मला कौतुकानं दाखवत होते, एक दिवस खाडा नाही म्हणून. मी जवळ जाऊन बघितलं. सगळ्या रेघा एकावर एक होत्या, छातीच्या उंचीवर. चार महिन्यांत बोटभरही वर सरकल्या नव्हत्या. तारखा तेवढ्या बाजूला सरकत गेल्या होत्या.

मी दाजींना विचारलं, यात तुम्हाला सुधारणा कुठं दिसली? ते म्हणाले, ती बरं हाय म्हणती की. दाजी वाईट माणूस नाहीत. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचं तोंड बघायचं सोडून हा माणूस रेघा आखत बसला, याची मला चीड आली. तिथंच सांगितलं, परवा सांगली. गाडी काढा, नाहीतर मी एस्टीनं नेते.

सांगलीची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं आधी फाईल वाचली. साताऱ्याच्या प्रत्येक कागदावर एकच वाक्य होतं, रुग्णाला आराम आहे. मी तोंड उघडायच्या आत तिनं फाईल मिटली, उठून आक्काजवळ येऊन बसली आणि एकच गोष्ट विचारली.

"मावशी, आज तुमचा भांग कुणी पाडला?"

दाजी म्हणाले, सुनंनं. डॉक्टर त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "मी त्यांना विचारलंय."

मग आक्का खाली बघून बोलायला लागली. तीन वर्षं झाली, केसाला हात न्हाई लागला. झंपरचं हूक सून लावती. आडवं पडलं की कळ येती, म्हणून उशीला टेकून बसून झोपते. कुशीवर शेवटचं कवा झोपले ध्येनात न्हाई. ती हे वाण्याला सामान सांगावं तशा आवाजात सांगत होती. दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना यातलं निम्मं माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन हळू उचलला. खांद्यातनं करकर आवाज आला, जात्यात खडा सापडल्यासारखा. मग एक्स-रे, मग आणखी एक तपासणी, रक्त. दुपारनंतर तिनं आम्हाला समोर बसवून समजावलं. गोटी आणि वाटीच्या मधली गादी झिजून संपली आहे, हाडावर हाड घासतंय. हात वर उचलणारे जे पट्टे असतात ते बरेच दिवसांपूर्वी तुटलेत आणि आता वाळून गेलेत. मग तिनं एकेक मार्ग सांगितला. ती लाल-पिवळी गोळी आजपासून बंद, मूत्रपिंडावर परिणाम दिसतोय. सांध्यात इंजेक्शन देता येईल, त्यानं काही दिवस कळ कमी होईल, झीज भरून येणार नाही. व्यायामानं उरलेली ताकद टिकेल. सांधा बदलायचा तर नेहमीची पद्धत चालणार नाही, कारण तिला ते पट्टे धड लागतात. दुसऱ्या पद्धतीत उलटं करतात, वाटीच्या जागी गोटी आणि गोटीच्या जागी वाटी. मग दुसरा मोठा स्नायू हात उचलतो. पहिल्यासारखा हात होणार नाही, पण हात तोंडापर्यंत जाईल, कळ जाईल, रात्री आडवं होता येईल. तिचा सल्ला ऑपरेशनचाच होता, आणि लवकर, कारण हाडही झिजत चाललं होतं आणि आणखी झिजलं तर नवा सांधा बसवायला जागाच उरणार नव्हती.

"सुरुवातीला आला असता तर पट्टे शिवून बघता आले असते," ती म्हणाली. "तेव्हा काय उपचार केले होते?"

आणि दाजींनी अभिमानानं माझ्याकडं हात केला. "ही आमची मेव्हणी पायाळू हाय. ती पाय लावायची."

पाच मिनिटांपूर्वी मी त्या मुलीला सांगितलं होतं की मी विज्ञानाची शिक्षिका. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग टेबलाखाली माझ्या पायांकडं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

बाहेर बाकावर मी आक्काला धरलं. दाजी गाडी आणायला गेले होते. म्हटलं, खरं सांग, माझ्या पायानं तुला बरं वाटायचं?

"वाटायचं की."

"आक्का, एकदा तरी खरं बोल."

"वाटायचं म्हनते न्हवं," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसायला खाली वाकली. मला असा संताप आला की वाटलं, उठून सरळ वाईची एस्टी धरावी. हिला स्वतःचं दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगता येत नाही, तर मी कुणाकुणाशी भांडू?

खरं भांडण घरी झालं. संध्याकाळी सगळे सोप्यात बसलो. दाजी म्हणाले, ऊस गेला की बघू. तोडी लागायला तीन-चार महिने होते. ऊस जाणार कारखान्याला, तोडकऱ्यांची टोळी येईल तेव्हा येईल, त्यात हिच्या खांद्याचा काय संबंध, मी विचारलं. ते म्हणाले, घरात माणूस लागतं, टोळी आली की चहापाणी कोण बघणार. म्हणजे जी बाई स्वतःचा चहा तोंडाला लावू शकत नाही, तिनं टोळीला चहा करायचा म्हणून तिचं ऑपरेशन थांबवायचं. मी हे असंच्या असं म्हणाले. आवाज चढला होता, शेजारी ऐकू गेला असेल. सून म्हणाली, मी बघते की सगळं. दाजींनी तिला गप्प केलं आणि त्यांचा हुकमी प्रश्न आक्काला टाकला.

"तू सांग. बरं हाय न्हवं तसं? मग कशाला घाईनं कापाकापी? तवर ही येत जाईल की म्हैन्याला, पाय लावायला. हिच्या पायानं आराम पडतो तुला."

सगळे आक्काकडं बघायला लागले. मला पुढचं उत्तर पाठ होतं. चार वर्षं ऐकत आले होते. दाजींनाही पाठ होतं, म्हणूनच विचारलं होतं. डॉक्टर काय म्हणाली ते माझ्या डोक्यात घुमत होतं, जागाच उरणार नाही. या एका 'बरं हाय'वर तिचा हात जायचा होता, आणि मी काही करू शकत नव्हते.

आक्का भिंतीवरच्या रेघांकडं बघत होती. "हिच्या पायानं मला कवाच बरं वाटलं न्हाई," ती म्हणाली. "येकदाबी न्हाई. लय दुखायचं. वरनं दाबली की जीव जायचा."

माझा चेहरा काय झाला असेल ते मला कळत होतं. सुनेपुढं, दाजींपुढं, ज्या सोप्यात बायका कंबर धरून माझ्यासाठी थांबायच्या त्याच सोप्यात.

"ह्ये बघ," आक्का माझ्याकडं वळून म्हणाली. "तुझं तोंड असं हुईल, म्हणून म्हनत न्हवते."

मग दाजींना म्हणाली, बरं न्हाई मला. ऊस-बीस काय न्हाई, आधी माझा खांदा. दाजी उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं आत येऊन सुनेला म्हणाले, डॉक्टरचा नंबर लाव.

नंतर मी तिला विचारलं होतं, पहिल्याच वेळी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, दोन एस्ट्या बदलून यायचीस. चप्पल काढताना अशी खूश असायचीस, ल्हान हुतीस तवा पाटी दाखवायला पळत यायचीस तशी. चुकलंय कसं म्हनू? मी तिला म्हटलं, आक्का, तू मूर्ख आहेस. अजूनही माझं तेच मत आहे. तिच्यावरचा राग गेलेला नाही, आणि माझ्यावरचा तर जायचं नावच घेत नाही. मागं वळून बघायचं नसतं म्हणून मी चार वर्षं बघितलं नाही. एकदा बघितलं असतं तरी तिचं तोंड दिसलं असतं.

ऑपरेशन होऊन आता सात महिने झाले. ती आडवी झोपते. घास तोंडापर्यंत जातो, ताकाचा तांब्याही. हात कपाळाला टेकतो, कुंकू स्वतः लावते. मागं डोक्यावर मात्र जात नाही आणि जाणारही नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. परवा गेले तेव्हा शेजारची एकजण कंबर धरून आली. मी चप्पल काढली नाही. तिला म्हटलं, सांगलीला जा. ती फणकाऱ्यानं निघून गेली, बाईला शिंगं फुटली असं म्हणत असेल.

मी गेले की आक्काची वेणी मी घालते. परवा फणी गुंत्यात अडकली, मी जरा जोरात ओढली आणि सवयीनं विचारलं, बरं हाय न्हवं?

"वढतंय," आक्का म्हणाली. "दुखतंय मला."

मी गुंता बोटांनी सोडवायला घेतला.